चोवीस तास थांबण्याचा नियमच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांचे अपहरण आणि विक्री या विषयावरच्या थरारपटांत एक प्रसंग हमखास असतो. रडवेली आई पोलिस ठाण्यात येते आणि टेबलामागचा हवालदार सांगतो, "चोवीस तास वाट बघा, मैत्रिणीकडे गेली असेल." मग नायक एकटाच शोधाला निघतो. कथेला हे सोयीचे असेल, पण असा नियम कायद्यात कुठेही नाही. तरीही मूल घरी आले नाही की शहाणीसुरती माणसे रात्रभर नातेवाइकांना फोन करत बसतात आणि ठाण्यात सकाळी जातात. हातचे तास असे वाया जातात, म्हणून हे पत्र.

सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजीच बजावले आहे की, मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असे धरूनच तपास सुरू करायचा. म्हणजे अठरा वर्षांखालील मुलाची नुसती 'मिसिंग'ची नोंद करून भागत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला हवा. "आमच्या हद्दीत येत नाही" हेही उत्तर चालत नाही. कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. त्याची प्रत मोफत मिळते, ती हातात पडल्याशिवाय उठू नये. नोंद घ्यायला नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी.

घोळ होतो तो फोटोपाशी. घाईत लोक शाळेच्या ओळखपत्रावरचा तीन वर्षांपूर्वीचा फोटो देतात, नाहीतर लग्नसमारंभातला, नटवलेला. गर्दीत मूल ओळखायला तो काही कामाचा नाही. गेल्या महिना-दोन महिन्यांतला, चेहरा समोरून दिसणारा साधा फोटो हवा. सोबत उंची, अंगावरचे कपडे, चपलेचा रंग, जुन्या जखमेचा व्रण, मूल कोणती भाषा बोलते हे सगळे एका कागदावर लिहून न्यावे. मुलाकडे मोबाइल असेल तर त्याच्या खोक्यावरचा आयएमईआय क्रमांकही न्यावा. फोन घरीच राहिला असेल तर तो चाळत बसू नये, काही पुसू नये, आहे तसा पोलिसांकडे द्यावा. मूल रेल्वेने गेल्याचा संशय असेल तर लगेच १३९ वर गाडीचे नाव आणि वेळ कळवावी. पुढच्या स्थानकावर डबे तपासता येतात. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक चोवीस तास चालू असतात.

पडद्यावर सीसीटीव्हीचे चित्रण एका बटणावर मिळते. प्रत्यक्षात किराणा दुकानाच्या डीव्हीआरवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते आणि त्यावर नवे चढते. त्यामुळे त्याच दिवशी दुकानदाराला चित्रण जपून ठेवायला सांगावे लागते. दुसरी अडचण घड्याळाची. डीव्हीआरचे घड्याळ कधी वीस मिनिटे पुढे, कधी तासभर मागे असते. पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ शेजारी-शेजारी लिहून ठेवली नाही, तर ६:१० ला दिसलेले मूल ५:५० च्या बसमध्ये कसे बसले, यावर तपास अडतो. पुढे न्यायालयात हे चित्रण मांडायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रही लागते. एवढे बारकावे दाखवले तरी थरार कमी होणार नाही.

चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे द्यायचा असतो. पालकांनी ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि वर्ग झाला का, हे विचारावे.

नाकाला रुमाल लावताच मूल बेशुद्ध, हीसुद्धा कल्पनाच. क्लोरोफॉर्मने शुद्ध हरपायला काही मिनिटे लागतात. पण अशा दृश्यांतून 'मुले पळवणारा अनोळखी माणूस' मनात पक्का बसतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते.

खऱ्या तस्करीत मूल नेणारा बहुधा ओळखीचाच असतो. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले मेंढ्या राखायला दिली गेल्याचे उघड झाले. मोबदला काय, तर काही हजार रुपये आणि एखादी मेंढी. ना पाठलाग, ना खंडणीचा फोन, ना हरवल्याची तक्रार! आईबापांनीच 'हो' म्हटले होते, म्हणून कोणाला त्यात गुन्हा दिसला नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये नेमके हेच आहे: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याची संमती पैसे देऊन मिळवणे हीदेखील मानवी तस्करीच. मूल एक असेल तर किमान दहा वर्षे, एकाहून अधिक असतील तर किमान चौदा वर्षे शिक्षा. अशा प्रकरणात अनेकदा फक्त बालमजुरीचा गुन्हा लागतो आणि १९७६ चा वेठबिगार कायदा बाजूला राहतो. मग महसूल अधिकाऱ्यांकडून मुक्तता प्रमाणपत्र निघत नाही आणि ते नसले की केंद्राच्या योजनेतली मुलासाठीची दोन लाखांची मदतही अडते. कोणी लेखक यावर कथा रचील तर फार बरे होईल.

आपल्या दैनिकाला एक विनंती. बेपत्ता मुलाची बातमी छापताना तारीख आणि पोलिस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक अवश्य द्यावा. तारीख नसलेली कात्रणे मूल घरी आल्यावरही वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरत राहतात. आणि मूल सापडल्यावर पोलिसांच्या मधोमध उभे करून काढलेला त्याचा फोटो छापू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने त्यावर बंदी आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक