ग्वानाह्वातोच्या गल्लीतल्या त्या तिघांचे आभार

मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातोत संध्याकाळी गाइडबरोबर फिरत होतो. चित्रकार दिएगो रिवेराचं जन्मघर आणि १९०३ साली सुरू झालेलं तेआत्रो ह्वारेस हे नाट्यगृह पाहून झालं. पुढे चढाच्या अरुंद गल्लीत आईचा पाय मुरगळला. तिथे गाडी येतच नाही. गात चाललेल्या मेळ्यातल्या एका मुलाने वाद्य बाजूला ठेवलं आणि अंगावरचा काळा झगा घडी करून आईच्या पायाखाली सरकवला. समोरच्या घरातल्या आजी टॉवेलात बर्फ घेऊन आल्या, पायरीवरच बसल्या आणि पंधरा मिनिटं पाय धरून राहिल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी बोलत होत्या! गाइडने आधार देत टॅक्सीपर्यंत पोहोचवलं. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली. आजी, तुमचा टॉवेल आमच्याकडेच आलाय, आईने धुऊन जपून ठेवलाय.