मंत्रीसाहेब, उसाचा हिशोब दोन वर्षांत लागत नाही

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्रीसाहेब,
स. न. वि. वि.

मी सांगलीत एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, बायोटेक शिकवते. पीएचडी उसाच्या मॉलिक्युलर जेनेटिक्समधली. मागच्या वर्षी असिस्टंट प्रोफेसरच्या एका मुलाखतीला गेले होते, कॉलेजचं नाव नको. पॅनलवरच्या सरांनी फाईल उघडायच्या आधीच विचारलं, मॅडम एच इंडेक्स किती? म्हणजे माझ्या पेपरना इतरांनी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं त्यावरून काढलेला आकडा. म्हटलं ४. मग पुढचा प्रश्न, २०१९ ते २०२२ एकही पेपर नाही, गॅप का? उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर पुढच्या उमेदवाराला हाक गेली. काम काय केलंत हे कुणी विचारलंच नाही, म्हणून ते तुम्हाला सांगतेय.

उसाचा डीएनए काढायला आधी कोवळं पान लिक्विड नायट्रोजन ओतून खलात वाटायचं. तो नायट्रोजन आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडून आणायचो, रेतनाच्या कांड्या ठेवतात ना त्या कॅनमधला, कारण आम्हाला दुसरीकडे कुठे मिळत नव्हता. आणि उसाच्या पानात चिकट पदार्थ इतके की पहिले तीन महिने नळीत नुसता शेंबडासारखा गोळा यायचा, पिपेटमध्ये ओढलाच जायचा नाही. मग मीठ वाढवून बघितलं, धुणं वाढवून बघितलं, आणि एक दिवस थंडगार अल्कोहोल टाकल्यावर डीएनएचा पांढरा धागा वर तरंगला तेव्हा मी आणि लॅबमधले मामा दोघंही ओरडलो होतो. असे २१२ नमुने जमवले.

आणि ऑगस्ट २०१९ आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, ते तुम्हाला मी सांगायला नको. आमची लॅब वरच्या मजल्यावर, पाणी लागलं नाही, पण लाईट कितीतरी दिवस नव्हती. डीप फ्रीझर उघडला तर पानं काळी पडून कुजलेली, एन्झाईम वाया गेलेली, वास अजून नाकात आहे. परत नमुने घ्यायचे तर नदीकाठचा ऊसच कुजलेला, पुढची लावण होऊन पान हाताशी येईपर्यंत थांबलो, तोवर कोरोना. साहेब, गॅप म्हणतात तो हा.

आता आकड्यांचं. एच इंडेक्स २००५ साली हर्श नावाच्या फिजिक्सच्या प्रोफेसरांनी काढला, तुमच्या ४ पेपरना प्रत्येकी निदान ४ वेळा कुणीतरी संदर्भ म्हणून घेतलं असेल तर तुम्ही ४. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या पेपरना सरासरी किती संदर्भ मिळाले ते, मोजतात तो मागच्या दोन वर्षांतल्या पेपरवर. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात विज्ञानाच्या पेपरला ८ मार्क आणि इम्पॅक्ट फॅक्टरनुसार वाढीव ५ पासून ३० पर्यंत. म्हणजे मार्क जर्नलच्या सरासरीला, माझा पेपर कुणी वाचो न वाचो. आणि दोन वर्षं म्हणजे उसाला काय हो? आडसाली लावण १८ महिने, वर खोडव्याचं, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून परत फुटलेल्या उसाचं, एक वर्ष, माझ्या एका प्रयोगाचा निकाल हातात येईपर्यंत ती दोन वर्षं उलटून गेलेली असतात. नवीन जात यायला तर दहा-बारा वर्षं. आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो को ८६०३२, त्यातलं ८६ म्हणजे १९८६ साल, आजही तो रानात उभा आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावच्या केंद्रातून आलेला २६५ तर बांधावरच्या पोरालाही माहीत आहे, पण तो शोधणाऱ्यांचा एच इंडेक्स किती हे कुठल्या शेतकऱ्याने कधी विचारलं?

शिवाय कॅन्सरच्या जीनवर जगभर हजारो लॅब काम करतात, तिथला बरा पेपर शेकडो वेळा संदर्भात येतो. उसावर काम करणारे मोजके. उसात शंभरावर क्रोमोसोम, जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, इतका गुंतागुंतीचा की आर ५७० या एका जातीचा नीट नकाशा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांना एकाच तराजूत घालायचं कसं?

तसं तर जगात सगळ्यात जास्त सायटेशन, म्हणजे संदर्भ, असलेला पेपर १९५१ चा, लॉरी आणि मंडळींचा, प्रोटीन मोजायची पद्धत, तीन लाखांच्या वर. आणि २०१४ ला पहिल्या शंभरांची यादी काढली तेव्हा वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा १९५३ चा पेपर त्यात नव्हता! आणि आपल्या तासगाव तालुक्यात बोरगावच्या शेतकऱ्याने थॉम्पसन सीडलेस द्राक्षातून तास-ए-गणेश ही जात निवडली, त्यावर कितीतरी घरं उभी राहिली, ते जेनेटिक्सच होतं की.

माझ्याकडे शेतकरी बेणं घेऊन येतात, मॅडम हे २६५ च आहे का बघा, नर्सरीवाल्याने फसवलं तर नाही ना. मी मार्कर, म्हणजे जात ओळखायची डीएनएमधली खूण, लावून सांगते. त्याचं सायटेशन होत नाही.

मागणी साधी आहे. प्राध्यापक भरतीत उमेदवाराने स्वतः निवडलेले पाच पेपर किंवा कामं मागवा आणि ती विषयातल्या माणसाने वाचून आलंच पाहिजे असा नियम करा. आकडा बघायचाच तर उसवाल्याचा उसवाल्याशी बघा. जात, मार्कर, शेतकऱ्याला दिलेला तपासणी अहवाल यालाही मार्क ठेवा. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवर नोकऱ्या ठरवू नका हे संशोधन कसं जोखावं याबद्दलच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जाहीरनाम्यात २०१२ पासून लिहिलेलं आहे, मी काही नवीन मागत नाहीये.

पुढच्या महिन्यात परत एक मुलाखत आहे. फॉर्म कालच भरला, एच इंडेक्सचा कॉलम पहिल्याच पानावर आहे.

आपली,
सांगलीची एक सीएचबी प्राध्यापिका