वनमालाबाईंना पत्र आलंय

सातारा,
१२ जुलै

प्रिय सुमे,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. दिवाळीनंतर एक ओळ नाही, मार्चमध्ये तुझा फोन आला तो 'कुकर लावलाय' म्हणून ठेवला, सगळं कबूल. कुकर लावलेलाच नव्हता. आमचे सरदार, म्हणजे नवरोजी, समोर बसले होते आणि तू ठणठणीत आवाजात 'कादंबरी कुठवर आली गं?' असं विचारणार, या धास्तीनं ठेवला. तब्येत ठीक. बी.पी.ची गोळी एकाची दीड झाली, एवढंच.

आता मुद्दा. गुरुवारी वनमालाबाईंना, म्हणजे या टोपणनावानं कादंबरी छापणाऱ्या मला, पुन्हा पत्र आलं. सरदारांचं. आणि हे आधीच्यांसारखं नाही.

पहिल्या दोन पत्रांचं तुला दिवाळीत सांगितलं होतं, तेव्हा गच्चीवर हसता हसता चकलीचा डबा उपडा केलास. त्यानंतर आणखी सहा आली. संपादक ती वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतात, ग्रंथपालबाई पुस्तकात घालून देतात. मी उत्तर टाइप करून संपादकांना पाठवते, तिथून ते आमच्याच घरी येतं. सातारा-पुणे-सातारा. एका पलंगावर झोपणाऱ्या दोन माणसांचा हा पत्रव्यवहार! चौथ्या पत्राला तर पाच रुपयांचं तिकीट माझ्याचकडे मागितलं. मी ते चिकटवूनसुद्धा दिलं.

सुरुवातीला नुसत्या चुका काढायचे. 'आपला लॉर्ड ॲड्रियन (तुझा अडऱ्या) शौर्यावर कॅप्टन झाला असं आपण लिहिता. पायदळातली कॅप्टनची जागा तेव्हा पंधराशे पौंडांना विकत मिळे. उमरावाच्या धाकट्या मुलाला घरून पैसे आले असणार, ते लिहायला लाजू नये.' बघितलं तर खरंच. वेलिंग्टनसुद्धा चोविसाव्या वर्षी भावाकडून पैसे उसने घेऊन लेफ्टनंट कर्नल झाला होता. मग वॉटर्लूचा भाग आला. ब्रसेल्सला रिचमंडच्या डचेसचा नाच, १५ जूनची रात्र, नाचता नाचता बातमी येते की नेपोलियन सरहद्द ओलांडून आत आला, आणि काही अधिकारी रेशमी मोज्यांवरच लढाईला जातात. मला वाटलं, यावर तरी बोट ठेवायला जागा नाही. तर उत्तर: 'नाच उत्तम. परंतु १८ तारखेला सकाळी सातला आपला लॉर्ड घोडा भरधाव सोडतो, तो कशावर? रात्रभर पाऊस होता. चिखलात तोफा हलेनात, म्हणून नेपोलियन साडेअकरापर्यंत थांबला. आपण पावसाळ्यात कधी घोडा पाहिला आहे का?' साताऱ्यात राहणाऱ्या बाईला हा प्रश्न! पण चूक होती ती होतीच. पुढच्या अंकात घोड्याला चिखलात रुतवला.

खरी पंचाईत झाली ती अडऱ्याच्या लंगडण्याची. आठवतं, हॉस्टेलवर आपण ठरवलं होतं, नायक जरासा लंगडाच हवा? तर मी लिहून मोकळी झाले, 'हिंदुस्थानातल्या कुठल्याशा लढाईत जखमी'. त्यावर आठ पानं आली, सुमे. 'कुठल्याशा? १८०३ साली वेलस्लीच्या (म्हणजे पुढच्या वेलिंग्टनच्या) हाताखाली दख्खनेत जखमी, म्हणजे बहुधा असई. म्हणजे शिंदे-भोसल्यांच्या तोफेनं. म्हणजे आपल्या. आपला नायक कुणावर चालून आला होता याची आपल्याला कल्पना आहे का?'

नव्हती, अगं. तीस वर्षं आपण या लाल कोटातल्या लांब पायांच्या माणसांवर जीव टाकला. तो कोट घालून ती आपल्या दारात आली होती, हे डोक्यात कधी शिरलंच नाही.

पुढची गंमत ऐक. जानेवारीत सरदार एकाएकी म्हणाले, चल, जालन्याकडे जाऊन येऊ. भोकरदनच्या अलीकडे असई. केळणा आणि जुई अशा दोन नद्या, मध्ये कापसाची रानं, एक म्हैस, एक पानटपरी. सरदार काठावर उभे राहून मला (मला!) समजावतायत: 'वाटाडे म्हणाले नदीला उतार नाही. वेलस्लीनं बघितलं, या काठावर एक गाव, समोरच्या काठावर दुसरं. दोन गावं समोरासमोर असतील तर माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. एवढ्या एका अंदाजावर तो फौज घेऊन पाण्यात शिरला.' २३ सप्टेंबर, पावसाळ्याचा शेवट. दीड हजाराहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली, ती नुसती त्याच्या बाजूची. आपल्या गोलंदाजांचं सांगताना सरदारांचा आवाज बसला. ते तोफांपाशीच मारले गेले, हलले नाहीत. मी 'हो का? अगंबाई!' करत होते आणि पर्समध्ये वहीला हात लावायची सोय नव्हती.

मग त्यांनी किटीची गोष्ट सांगितली. किटी पॅकेनहॅम. वेलस्लीनं तिला मागणी घातली तेव्हा तिच्या भावानं नकार दिला: मुलगा कर्जात, भवितव्य शून्य. हा हिंदुस्थानात आला, असई जिंकली, १८०५ ला परत गेला आणि तिला मधल्या काळात एकदाही न भेटता पुन्हा मागणी घातली. १८०६ च्या एप्रिलमध्ये डब्लिनला लग्न. ते काही सुखाचं झालं नाही. 'बघ,' सरदार म्हणाले, 'आपली एवढी माणसं मेली तेव्हा कुठे त्याचं लग्न जमलं. आणि तेही फसलं.' मी हसले. ते नाही हसले. माझ्याकडे बघत होते. तेव्हा वाटलं, ऊन डोळ्यावर आलंय.

आता तुझं-माझं भांडण. माझ्या नायिकेनं, एलिनोरनं, खरं केव्हा सांगायचं? अर्लची, म्हणजे उमरावाची, मुलगी, काकानं ठरवलेल्या म्हाताऱ्याला टाळायला घरातून पळालेली, मिस ग्रे या नावानं वर्षाला पंचवीस पौंडांवर दुसऱ्यांची पोरं शिकवणारी. तू म्हणायचीस लग्नाआधी सांगायला हवं. मी म्हणायचे, नंतर. आधी माणूस हातात येऊ दे. (यात एलिनोर किती आणि पोह्यांचा ट्रे किती, ते आपल्या दोघींनाच ठाऊक.) तर तुझी बाजू ब्रिटिश पार्लमेंटनं घेतली. १७५३ च्या कायद्यानं चर्चमध्ये तीन रविवार दोघांची नावं पुकारायची. खोटं नाव पुकारलं तर लग्नच रद्द ठरायचं. म्हणजे मिस ग्रे म्हणून ती उभी राहिली की संसार बेकायदा. स्कॉटलंडला पळवू म्हटलं, तिथे हा कायदा नाही. पण लंगड्या माणसाला ग्रेटना ग्रीनपर्यंत गाडीत आपटत न्यायचं माझ्या जिवावर आलं. तेव्हा सांगावंच लागणार. त्याला अर्धं कळलंय, तेही टपालामुळे. तेव्हा टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्यानं द्यायचे, पण उमरावाची सही पाकिटावर असली की फुकट. शिकवणीच्या मास्तरणीला अर्लच्या सहीचं फुकट पाकीट येतं आणि ते अडऱ्या बघतो. हा भाग सरदारांना फार आवडला. 'माणूस पाकिटावरून पकडला जातो,' असं लिहिलं होतं. मी मूर्ख, ती शाबासकी समजले.

खडकीचंही त्यांनी विचारलंच. मागच्या अंकातलं प्रकरण १८१७ च्या नोव्हेंबरातलं. ६ तारखेला राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली, सगळं इंग्लंड काळ्या कपड्यांत. म्हणून माझी एलिनोर काळे हातमोजे घालते. 'आदल्याच दिवशी, ५ ला, खडकीला पेशव्यांची फौज हरली. आपल्या बाई कुणाचं सुतक पाळतात?' वनमालाबाईंनी 'जागेअभावी' असं काहीतरी कळवलं.

आता गुरुवारचं पत्र. चूक एकही काढलेली नाही. ओळी जशाच्या तशा देते:

'एलिनोर रागावली की घडी करून ठेवलेले कपडे पुन्हा उलगडते आणि पुन्हा घडी घालते, हे आपण दोनदा लिहिलं आहे. ही सवय मी आजवर आणखी एकाच बाईत पाहिली. तिला एकतीस वर्षं ओळखतो. का रागावली ते विचारण्याचं धाडस अजून झालेलं नाही. आपला लॉर्ड विचारील का, हे वाचण्याची उत्सुकता आहे.'

सुमे, मी ते वाचनालयात वाचलं आणि अटलबिहारी वाजपेयींच्या फोटोखाली वीस मिनिटं बसून राहिले. त्यांना कळलंय का? केव्हापासून? असईला माहीत होतं? तिकीट मागताना? की नुसता वाचक म्हणून लिहिलंय आणि माझं मन मला खातंय? घरी आले तर नेहमीसारखे पेपर वाचत होते. शुक्रवारी सकाळी मात्र कपाटातली धुतलेली चादर कॉटवर, घडी मोडलेली. 'वास घेऊन बघत होतो, दमट लागली' म्हणाले. पावसाळ्यात लागतेच दमट. मी ती तशीच ठेवली. दिवसभर तशीच होती. आम्ही दोघंही तिच्या बाजूनं फिरत होतो.

शेवटचं प्रकरण २५ तारखेला द्यायचंय. अडऱ्यानं विचारायचं की एलिनोरनं सांगायचं, एवढंच उरलंय, आणि चार दिवस कागदावर पहिलं वाक्य उतरत नाही.

तुझा गुडघा कसा आहे? बदलायचा म्हणतेस तर बदल एकदाचा, बडोद्यात चांगले डॉक्टर असतील. निखिलच्या घराचं ऐकून बरं वाटलं. सूनबाईंना आशीर्वाद. गच्ची गळते म्हणालीस ती गळायची थांबली का? आमच्या वाड्याची तर विचारूच नको, इनामदारी आता बादल्यांतच जमा होते.

एक विचारते, खरं सांग. दिवाळीत मी फराळाचं आवरत होते तेव्हा तू आणि सरदार गच्चीवर तासभर होतात. कशाबद्दल बोललात? ट्रेबद्दल काही बोललीस का?

फोन करू नकोस, ते उचलतात. वाचनालयाच्या पत्त्यावर लिही, २५ च्या आत.

तुझी,
माई

ता.क. पाकिटावर 'वनमाला' लिहू नकोस. आणि तुझं अक्षर ते ओळखतात, तेव्हा पत्ता निखिलकडून लिहून घे.