हौस आणि हवस

इंदूर

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की जिच्यासाठी दोन वर्षे पैसे साठवले ती मोटार दारात येऊन पंधरा दिवस झाले आणि आता तिच्याकडे पाहून काहीच वाटत नाही. आणि इच्छा हेच दुःखाचे मूळ असेल, तर ती उपटून टाकलेलीच बरी. मला तेव्हा उत्तर सुचले नाही, शिवाय तुझी आई शेजारून 'जेवतो का ते विचारा' असे खुणावत होती, म्हणून हे पत्र.

सराफ्यातल्या एका पेढीवर मी एकतीस वर्षे हिशेब लिहिले, तेव्हा सोन्यापेक्षा माणसांची इच्छाच मी अधिक जवळून पाहिली असे म्हणायला हरकत नाही. एखादी बाई तबकातले दहा हार पाहून बाजूला सारते; तेवढ्यात शेजारी बसलेली कोणी अनोळखी बाई त्यांतलाच एक उचलून गळ्याशी धरते, आणि पहिलीची नजर तिथे जाऊन अडकते. हार तोच, वजन तेच, भावही तोच. फरक इतकाच की तो आता दुसऱ्या कोणाला हवासा झालेला असतो. आमचे शेठ अशा वेळी तो हार परत मागून घेण्याची घाई कधीच करीत नसत. दुसरीला आरशासमोर खुशाल बसू देत. आपल्याला काय हवे हे आपण पुष्कळदा दुसऱ्याच्या डोळ्यांतून शिकतो. तुझी मोटारही आधी तुझ्या कचेरीच्या वाहनतळावर कोणाची तरी उभी होती ना?

रात्री तीच दुकाने बंद झाली की सराफ्यात खाण्याची जत्रा भरते, हे तुला सांगायला नको. थंडीत तळलेल्या गराडूच्या कंदाचा पहिला द्रोण, वर मसाला आणि पिळलेले लिंबू, खरोखर सुख देतो; तिसरा मात्र आपण चवीसाठी खात नाही, तरीही हात पुढे जातोच. निवृत्तीनंतर वाचनालयात वेळ काढताना याचा एक खुलासा वाचनात आला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली उंदरांच्या मेंदूतील डोपामिन नावाचे रसायन जवळजवळ नाहीसे करून पाहिले. असे उंदीर पुढ्यातल्या अन्नाकडेही वळत नाहीत; पण त्यांच्या तोंडात गोड पाणी सोडले, तर ते पूर्वीसारखेच ओठ चाटतात. म्हणजे हवे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोटार तुला दोन वर्षे हवी होती. ती चालवणे तुला आवडते का, हे तू स्वतःला कधी विचारलेच नसावेस.

आता उपटून टाकण्याविषयी. आपल्या पूर्वजांनी धर्म, अर्थ आणि मोक्ष यांच्या पंगतीत कामालाही पुरुषार्थ म्हणून बसवले, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात तर तो मनाचे पहिले बीज म्हणून येतो. संन्याशाची गोष्ट वेगळी; आपण संसारी माणसांनी बीजच उपटले तर मागे काय राहील, हे तूच सांग. मला त्यापेक्षा एक शब्द अधिक उपयोगी वाटतो. आपण इंदूरची मराठी माणसे घरात एक भाषा बोलतो आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, म्हणून ही गंमत आपल्याला चटकन दिसते: बाहेर हिंदीत ज्याला 'हवस' म्हणतात आणि जो शब्द चारचौघांत उच्चारायला संकोच वाटतो, तोच आपल्या घरात येऊन 'हौस' झाला आहे. मूळ एकच, पण हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो आणि गाण्याची, बागेची, लोकांना जेवू घालण्याची हौस कौतुकाने सांगतो. हवसेचे लक्ष वस्तू हाती लागण्याकडे असते. हौस ती गोष्ट करता करताच भागत राहते, आणि शेजाऱ्याकडे तेच आहे की नाही याची तिला पर्वा नसते.

हे लिहिताना महाभारतातला ययाती मनातून जात नाही. त्याने धाकट्या पुरूचे तारुण्य मागून घेतले, हजार वर्षे भोगले, आणि शेवटी तुपाने अग्नी शमत नाही तशी भोगाने इच्छा शमत नाही, अशी कबुली देऊन ते परत केले. ही कथा आपण भोगासाठी सांगतो. मला आता तिच्यातला बाप दिसतो. तू आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत पेढीच्या माडीवर कारागिराजवळ तासन्‌तास बसायचास. फुंकणीच्या ज्योतीने सोन्याचा सांधा जोडला जाताना तू श्वास रोखून धरायचास, आणि एकदा त्यांनी तुझ्या हाती फुंकणी दिली तेव्हा जेवणाची हाक तुला ऐकूही आली नव्हती. ती तुझी हौस होती. मुलगा वातानुकूलित कचेरीत बसावा, ही माझी इच्छा होती, आणि तीही मी शेठजींच्या मुलाकडे पाहून उचललेली. पुढच्या सुट्टीत मी तुला शिकवणीला घातले. पुरूला निदान विचारले तरी होते.

तू नोकरी सोड असे मी म्हणत नाही. हप्ते मलाही मोजता येतात. कारागीर आता थकले आहेत, पण सकाळचे दोन तास माडीवर बसतात. आजीच्या मोहनमाळेची एक कडी सुटली आहे. मी ती अजून दुरुस्तीला दिलेली नाही, तू येईपर्यंत देणारही नाही.

तुझा,
बाबा