कुरुविलाबद्दल, जरा सविस्तर

प्रिय संज्या,

भारताचा फास्ट बॉलर अ‍ॅबी कुरुविला याला ‘एका दौऱ्याचा बॉलर’ म्हणून तू एका वाक्यात निकालात काढलंस, ते पटलं नाही. 10 कसोट्या, 25 बळी, सरासरी 35.68, आणि सगळं 1997 या एकाच सालात. आकडे साधारणच आहेत, पण ते कुठल्या खेळपट्ट्यांवरचे, हेही बघ ना.

वेस्ट इंडिज दौऱ्यात श्रीनाथचा खांदा गेला म्हणून किंग्स्टनला याला कसोटी कॅप मिळाली, म्हणजे पहिली कसोटी, वयाच्या 28व्या वर्षी. तोवर मुंबईबाहेर त्याची ओळख काय, तर 1991च्या रणजी फायनलमध्ये हरियाणाविरुद्ध मुंबईला 2 धावा कमी पडल्या तेव्हा धावचीत झालेला शेवटचा गडी. वेंगसरकर 139वर नाबाद उभे होते.

आता मुद्द्याचं. साडेसहा फूट उंचीचा माणूस हात सरळ ठेवून बॉल सोडतो तेव्हा तो आठ फुटांच्या वरून खाली येतो. नेहमीच्या गुडलेंग्थवर, म्हणजे बॅट्समनला पुढे यावं की मागे जावं कळत नाही अशा अंतरावर, टप्पा पडला की उसळी एवढी मिळते की बॉल स्टंपवरून निघून जातो. बॅट्समन नुसता सोडून देतो. म्हणून अशा बॉलरने टप्पा थोडा पुढेच ठेवायला हवा, सीम, म्हणजे बॉलची शिवण, उभी ठेवून. मग बॅटची एज (कड) लागते, बोल्ड मिळतो, एलबीडब्ल्यूचं अपील जिवंत राहतं. पण पुढचा टप्पा जरा चुकला की ड्राइव्ह बसलाच.

त्याच दौऱ्यातल्या ब्रिजटाउन कसोटीत वेस्ट इंडिजचा दुसरा डाव याचा नमुना. उसळी खालीवर होत होती आणि त्याने 68 धावांत 5 घेतले. वेस्ट इंडिज 140 मध्ये गारद. म्हणजे जवळपास निम्म्या धावा एकट्या त्याच्याच बॉलिंगवर! हा महागडेपणा नव्हे रे, त्या लेंग्थची किंमत आहे ती. खरं दुखणं वेगळंच: 9 बाद 107 वरून अँब्रोस आणि डिलन यांनी शेवटच्या जोडीला 33 जोडल्या. आपल्याला हव्या होत्या 120, आणि आपण 81 मध्ये संपलो. त्याचा दोष याच्या माथी कसा मारणार?

ऑगस्टमध्ये कोलंबो. लंकेने 6 बाद 952 केल्या, जयसूर्या 340. तिथे उसळीच नाही, आणि फास्ट-मिडियम वेगाच्या या बॉलरकडे दुसरं हत्यार नव्हतं. हवेत वेग असता तर पाटा खेळपट्टीवरही बॅट्समनला थोडं घाईत आणता आलं असतं. याची उणीव खरी असेल तर ही एवढीच.

वर्षाअखेरीस लंका इकडे आली, तेव्हाच्या तिन्ही कसोट्या तो खेळला, श्रीनाथही परतला होता. पुढे मार्च 1998ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेन्नईत तीन स्पिनर, श्रीनाथ आणि हरविंदर सिंग; हा संघाबाहेर. घरच्या खेळपट्टीवर नव्या बॉलची चार-पाच ओव्हर झाली की दुसऱ्या फास्ट बॉलरला काम उरत नाही, त्यामुळे त्या एका जागेसाठी उंची कोण मोजणार.

ब्रिजटाउनची चित्रफीत मिळाली तर बघ. विकेट बघू नकोस, फक्त टप्पे बघ, आणि मग कळव.

तुझा,
दिल्या