सुभेदार काका, आजीची पेन्शन सुरू झाली!

सुभेदार काका, जय हिंद.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. आजीच्या खात्यात फॅमिली पेन्शन जमा झाली. मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली, "ह्यांचंच पैसं ना हे?" म्हटलं हो, त्यांचेच.

ज्यांना आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आबा ८६ वर्षांचे होऊन गेले, म्हणजे कागदावर ८६, कारण जन्मतारीख १ जून १९३९, जी त्या काळातल्या निम्म्या महाराष्ट्राची असते, शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली. १९५८ ला भरती, बेळगावला ट्रेनिंग, मग मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटण, आणि १९७९ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आले. नंतर कारखान्यावर वॉचमनकी, शेती, धाकट्या भावांची लग्नं, पुतण्यांची शिक्षणं, पुतणीला नर्सिंगला घालायचं म्हटल्यावर भावकी नाक मुरडत होती तेव्हा "फी मी भरतोय, तुम्ही का कण्हताय" एवढंच बोलले आणि विषय संपला. आजही आमच्या घरात चार चुली झाल्या तरी विहीर एकच आहे आणि पाण्याची पाळी आबांनी वहीत लिहून दिलीय तीच चालते.

काका, तुम्ही पहिल्यांदा आलात ते हयातीच्या दाखल्यासाठी. दर वर्षीचा तो वैताग, आबांचे अंगठे खुरप्याने इतके झिजलेले की मशीनवर ठसा उमटायचाच नाही, म्हातारा समोर उभा आणि मशीन म्हणतंय माणूस जुळत नाही. तुम्ही म्हणालात मोबाईलवर चेहरा दाखवून होतं आता. झालं, आबा अंगणात सावधानमध्ये उभे राहिले! ॲप म्हणतंय डोळे मिचकवा, आणि आबा ताठ, पापणी हलेना. आम्ही सगळे "आबा मिचका, मिचका" ओरडतोय, ते ढिम्म. शेवटी तुम्ही परेडच्या आवाजात ऑर्डर दिलीत तेव्हा कुठं एकदाची पापणी लवली. आबा तुमच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठे, पण तुम्ही जेसीओ, म्हणजे हवालदाराच्या वरच्या हुद्द्याचे, म्हणून ते तुम्हाला "साब" म्हणायचे, आणि तुम्ही आल्या आल्या त्यांचे पाय धरायचा. आम्हाला हसू यायचं, तुम्हा दोघांना मात्र त्यात काहीच विचित्र वाटायचं नाही.

आणि त्याच दिवशी चहा पिताना तुम्ही विचारलंत, "पीपीओ बघू जरा. वहिनींचं नाव बरोबर आहे का?" पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद. नाव बरोबर नव्हतं. रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, जन्मसाल तर दोन्हीकडे वेगळं. तुम्ही स्पष्ट बोललात की हे आत्ताच नीट करा, नाहीतर उद्या यांच्या मागं बाईला दारोदार फिरावं लागेल. आईला इतका राग आला, माणूस धडधाकट समोर बसलाय आणि हे काय अभद्र बोलणं, ती चहाचे कप उचलून आतच गेली. आबा हसले. म्हणाले, "पोस्ट सोडायच्या आधी चार्ज द्यायला लागतो. साब बरोबर बोलत्यात, कागदं काढा."

मग सुरू झालं तुमचं काम. ॲफिडेव्हिट, दोघांचा जॉइंट फोटो (आजीचा आयुष्यातला पहिला पासपोर्ट साइज, आबांनी तिला पदर नीट करायला लावला), बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रव्यवहार, फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर अपलोड, कागद परत आला की पुन्हा स्कॅन. मी पुण्यात आयटीत आहे, पण त्या पोर्टलपुढं माझं डोकं चालेना, तुमचं चालायचं. करेक्शन झालेला पीपीओ आला तेव्हा आबांनी तो आजीच्या हातात दिला आणि तिला पेटीची किल्ली दिली. चार्ज दिला म्हणजे खरोखर दिला.

त्या सगळ्या चकरांत अजून एक झालं. तुम्ही पलटणीचे म्हणून तुमच्याशी आबा जमालपूरबद्दल बोलायचे आणि आम्ही उंबऱ्यात बसून ऐकायचो. डिसेंबर १९७१, बांगलादेशचं युद्ध, ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटण जमालपूरच्या पाठीमागं जाऊन बसलेली, शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, आणि १० तारखेच्या रात्री ते फोडून बाहेर पडायला आले ते थेट आपल्या मोर्च्यांवर. हे तर कुठंही वाचायला मिळतं. आबा सांगायचे ते थंडीचं, रात्रभर ओल्या बुटांचं, आणि सकाळी हात वर करून आलेल्या पोरांना बिड्या दिल्याचं, त्यातला एक आपल्या धाकट्या भावासारखा दिसत होता म्हणून. मी ते फोनवर रेकॉर्ड केलंय. मध्ये मध्ये तुमचं "हां हां, मग?" ऐकू येतं, ते नसतं तर पुढचं वाक्य आलंच नसतं.

आबा गेल्यावर मृत्यूचा दाखला आणि तो पीपीओ, एवढ्यावर आजीचं काम झालं. आमच्याच आळीत एक आजी आहेत, त्यांचे मालकही पलटणीतलेच, नावाच्या घोळामुळं त्या अजून हेलपाटे मारतायत. आता आईच लोकांना सांगत फिरते की म्हातारा-म्हातारी दोघं आहेत तोवर पीपीओ तपासा, बायकोचं नाव, जन्मतारीख, जॉइंट खातं, सगळं. हो, तीच आई.

त्या आळीतल्या आजींची कागदपत्रं मी पिशवीत भरून ठेवलीत, रविवारी जमेल का? येताना काकूंना पण आणा. पेट्रोलचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत, पण आजीने वाघा घेवडा निवडून ठेवलाय, तो न घेता गाडी सुरू करायची नाही असा तिचा निरोप आहे.

तुमची,
हवालदारांची नात