जूनचं रक्त, ऑक्टोबरचं रक्त

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या प्रकल्पाला मंजुरी मिळाल्याचं वाचून फार बरं वाटलं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा आपण दोघं किती अस्वस्थ होतो, ते मी विसरलेलो नाही. जे दवाखान्यापर्यंत गेले त्यांची निदान नोंद तरी झाली. जे दरवर्षी पाठीला पंप बांधून फवारतात आणि संध्याकाळी डोकं धरून घरी बसतात, त्यांच्या पेशींमध्ये काय होतं, ते तू मोजणार आहेस. म्हणूनच तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबलो. ‘कंट्रोल नंतर बघू, आधी नमुने गोळा करतो,’ असं तू लिहिलंयस. असं करू नकोस. कंट्रोल, म्हणजे आपले तुलनेचे नमुने, आधी गोठव. पहिल्या मजुराचं रक्त काढायच्या आधी.

कॉमेट चाचणी तुला माझ्याइतकीच ठाऊक आहे: जेलमध्ये बसवलेल्या पेशीवर विजेचा प्रवाह सोडला की तुटलेला डीएनए धूमकेतूच्या शेपटीसारखा बाहेर ओढला जातो. १९८८ साली एन. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अल्कलाइन स्वरूपात आणली, तेव्हापासून एकेका पेशीतल्या डीएनएच्या एकेरी, म्हणजे एकाच धाग्यातल्या, तुटीही शेपटीच्या रूपात डोळ्यांना दिसू लागल्या. पण ही चाचणी फार हळवी आहे. बफर जरा कोमट राहिला, विजेच्या टाकीत द्रावण दोन बोटं जास्त पडलं, आगरोजचं जेल थोडं घट्ट झालं, अल्कलीत स्लाइड दहा मिनिटं जास्त राहिल्या, की त्याच रक्ताची शेपटी बदलते. पीठ तेच असलं तरी रोजच्या तव्याचा ताव वेगळा असतो, तसंच हे. आणि फवारणीमुळे पडणारा फरक शेपटीतल्या डीएनएच्या चार-पाच टक्क्यांचाच असेल, तर तो फरक विषाचा की त्या दिवसाच्या टाकीचा, हे सांगणार कोण? दर धावेत, म्हणजे टाकीच्या प्रत्येक फेरीत, सोबत चाललेला, एकाच घाण्यातून काढून गोठवलेला नमुनाच ते सांगू शकतो.

तुझी खरी अडचण मात्र याच्या पुढची आहे. तू जूनमध्ये फवारणीपूर्वीचं रक्त घेणार, ऑक्टोबरअखेर फवारणीनंतरचं, आणि एकाच माणसाचे दोन्ही नमुने एकाच जेल-धावेत चालवणार. योजना चांगली आहे, टाकीचा फरक त्यात बराचसा गळून पडतो. पण चालवताना जूनच्या रक्ताने फ्रीझरमध्ये चार-पाच महिने काढलेले असतील आणि ऑक्टोबरच्या रक्ताने काही दिवस. साठवणीने थोडी जरी मोडतोड वाढली, तरी जूनचा आकडा फुगेल आणि फवारणीचा परिणाम झाकला जाईल. विषाने केलेलं नुकसान फ्रीझर लपवून टाकेल आणि तू प्रामाणिकपणे लिहिशील की फरक आढळला नाही. त्या अहवालाचा आधार कोण घेईल, हे तुला सांगायला नको.

म्हणून दोन प्रकारचे कंट्रोल ठेव, आणि त्यांची कामं एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

पहिला कंट्रोल म्हणजे मोजपट्टी. त्याला टीके-६ किंवा टीएचपी-१ सारखी पेशी-रेषा (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशी) घे, म्हणजे एकाच वाढीतून भरपूर पेशी मिळतील. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं भांडार आहे, तिथे आधी विचार. त्या पेशींचे तीन वाटे कर. एक तसाच ठेव, उरलेल्या दोघांना बर्फावर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या दोन मात्रा दे, एक सौम्य, एक मध्यम. मात्रा तुझ्या पेशींवर आधी चाचपून ठरव. शेपटीत वीस ते चाळीस टक्क्यांच्या आसपास डीएनए दिसेल, इतकंच नुकसान हवं. पुष्कळ जण पॉझिटिव्ह कंट्रोल ठसठशीत दिसावा म्हणून इतका मारा करतात की डोकं उरतच नाही, सगळी शेपटीच. असा कंट्रोल काही कामाचा नाही, कारण टाकी बिघडली तरी त्याचा आकडा हलत नाही. जवळच्या कर्करोग रुग्णालयात किरणोपचाराचं यंत्र वापरू देत असतील तर आणखी चांगलं. १ ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) इतक्या मात्रेला एका पेशीत साधारण १००० एकेरी तुटी पडतात, त्यामुळे तुझ्या टक्क्यांना खरा अर्थ येतो. तेव्हाही पेशी बर्फावरच ने, नाहीतर वाटेतच त्या स्वतःची दुरुस्ती करतील.

डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रव्य) नेहमी नुकसान करून झाल्यावर घाल. ते डीएनए तोडणारी हायड्रॉक्सिल मूलकं टिपून घेतं, आधी घातलंस तर पेरॉक्साइडचा जोरच मरेल. १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला साधारण १ अंश या गतीने −८० अंशांपर्यंत उतरव, आणि मग द्रव नायट्रोजनच्या बाष्पात हलव. मोजपट्टी −८० वर ठेवू नकोस. साधारण −१३५ अंशांच्या वर पाणी पूर्ण निश्चल झालेलं नसतं, हळूहळू काही ना काही चालू राहतं. नायट्रोजनचा पुरवठा गावाकडे कुठून होईल, अशी काळजी तू केली आहेस. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन ये. गोठित रेताच्या कांड्या ते नायट्रोजनच्या कंटेनरमध्येच सांभाळतात. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने संकरित गाईंचं काम याच सोयीवर गावोगाव पोचवलं. पुरवठ्याची गाडी कधी येते ते त्यांना पाठ असतं.

दुसरा कंट्रोल म्हणजे सोबती. तो रक्ताच्या नमुन्यांशेजारीच, त्याच −८० च्या फ्रीझरमध्ये, त्याच रॅकवर राहील. फवारणीशी संबंध नसलेल्या चार-सहा गावकऱ्यांचं रक्त त्यांच्या संमतीने जूनमध्ये त्याच दिवशी, त्याच नळ्यांत घे आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा घे. जूनच्या बॅचमधल्या काही नळ्या ताज्याच चालव, काही ऑगस्टमध्ये, काही सप्टेंबरमध्ये. मोजपट्टी स्थिर आणि सोबती चढतोय, तर साठवण नडतेय. दोन्ही एकत्र हलले, तर टाकीत शोध. फक्त मजुरांचेच आकडे हलले, तर मग बोलायला तुझ्यापाशी काहीतरी आहे.

रक्त गोठवताना २५० मायक्रोलीटर किंवा त्याहून कमीच भर. मोठ्या नळीतलं रक्त सावकाश वितळतं. तोवर फुटलेल्या तांबड्या पेशींमधलं लोह मोकळं होऊन पांढऱ्या पेशींचा डीएनए तोडू लागतं. ते नुकसान मजुराचं नाही, वितळवण्याचं आहे. छोटी नळी ३७ अंशांच्या पाण्यात पटकन वितळते, बर्फाची कणी शिल्लक असतानाच बाहेर काढ आणि लगेच आगरोजमध्ये, तिथून लायसिसमध्ये, म्हणजे पेशी फोडणाऱ्या द्रावणात. मोजपट्टीच्या पेशींबाबत तर हात आणखी चटकन चालव. त्या जिवंत आहेत, ऊब मिळताच तुटी सांधायला लागतात. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवायची नाही, उरलं तर फेकायचं. म्हणूनच नळ्या छोट्या आणि संख्येने जास्त.

एफपीजी विकर (एन्झाइम) वापरून डीएनएतली ऑक्सिडीकृत क्षारकं मोजणार असशील तर पेरॉक्साइडचा कंट्रोल तिथे पुरा पडत नाही. त्यातल्या तुटी विकर मेलेलं असलं तरी दिसतात. पोटॅशियम ब्रोमेट दिलेल्या पेशींची वेगळी बॅच गोठव. त्यांत ८-ऑक्सोग्वानिन हे ऑक्सिडीकृत क्षारक भरपूर असतं, आणि विकर चालत असेल तरच शेपटी वाढते.

फ्रीझरचं मला सर्वांत जास्त भय वाटतं. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा −८० चा कॉम्प्रेसर धापा टाकतो. एका प्रयोगशाळेत सुट्टीच्या दिवसांत वीज गेली, जनरेटर आपोआप चालू झालाच नाही आणि दोन वर्षांचे नमुने पाण्यात गेले. तिथल्या संशोधक मुलीचा चेहरा मी पाहिला आहे. तेव्हा खोलीला एसी, महिन्याला जाळी साफ, आणि तापमान नोंदवून मोबाइलवर कळवणारा लॉगर, एवढं आधी कर. मोजपट्टीच्या निम्म्या नळ्या दुसऱ्या संस्थेत ठेव. आमच्याकडे जागा आहे, मी सांभाळीन.

लेबलं अल्कोहोलने न पुसणारी घे. बॉक्सच्या ८१ घरांचा नकाशा कागदावरही ठेव. आणि दर धावेचा कंट्रोलचा आकडा रुग्णालयातल्या लॅबवाल्यांसारखा लेव्ही-जेनिंग्ज तक्त्यावर (सरासरीपासून आकडा किती ढळला ते दाखवणारा आलेख) टिपत जा. दोन प्रमाण विचलनांच्या बाहेर गेला की ती धाव बाद, मग तिच्यात निकाल कितीही मनासारखा आलेला असो. हा नियम आजच लिहून ठेव, निकाल दिसायला लागल्यावर तो पाळणं जड जातं.

आता मला एवढं कळव: मजूर किती, प्रत्येकाचे नमुने किती, आणि एका धावेत तुझ्या टाकीत किती स्लाइड बसतात. त्यावरून मोजपट्टीच्या नळ्या किती लागतील ते काढून पाठवतो. पेरण्यांच्या आधी एक आठवडा सवड काढून तिकडे येतो, बॅच आपण दोघं मिळून गोठवू. वहिनींना नमस्कार सांग, आईंच्या गुडघ्याचं कसं आहे तेही लिही.

तुझा,
जुना लॅबसोबती